उभा जोड खालून वर
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या आठवड्यात एका गटातल्या ताईंचा निरोप रेडिओवर आला. त्या म्हणतात, "टेबलावर आडवी पट्टी ठेवून वेल्डिंग केलं की माझी लाइन छान येते. पण उभ्या खांबाला जोड द्यायला गेले की लोखंडाचा रस खाली ओघळतो, गोळे होतात. मग मी वरून खाली रॉड ओढत आणते. तसं केलं की दिसायला बरं दिसतं. चालेल का?"

ताई, पातळ पत्र्याला चालेल. खिडकीच्या जाळीला, पेटीच्या पत्र्याला वरून खाली आणलेला जोड चालतो, कारण तिथं पत्रा जळून भोक पडायची भीती जास्त असते. पण ज्याच्यावर वजन यायचं आहे, ज्याच्याखाली माणूस किंवा जनावर उभं राहायचं आहे, तिथं चालणार नाही. तिथं खालून वरच जायचं. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. मी स्वतः चुकले, म्हणून सांगते.

आमच्या गटातल्याच एका वहिनींच्या दारात पाण्याच्या टाकीचा स्टँड मी केला होता. टाकी हजार लिटरची, स्टँड सहा फूट उंच, अँगल ५० बाय ५०, जाडी ६ मिलिमीटर. माल चांगला होता. चार पाय उभे केले आणि तिरप्या पट्ट्या जागेवरच जोडायच्या होत्या. स्टँड काही उलटासुलटा करता येत नव्हता, म्हणजे जोड उभेच द्यावे लागणार. मला तेव्हा खालून वर जमत नव्हतं. मी वरून खाली रॉड ओढला. लाइन अशी गुळगुळीत आली की बघणाऱ्यांनी वाहवा केली. वर रंग मारला आणि पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, दहा क्विंटल. जमीन थोडी खचली, एका पायावर जास्त भार आला आणि कट्‌कन आवाज होऊन तिरपी पट्टी सुटली. टाकी कलली आणि घराच्या भिंतीला टेकून राहिली. भिंत होती म्हणून निभावलं. त्या स्टँडच्या सावलीत वहिनी रोज भांडी घासायला बसायच्या. त्या दिवशी त्या खुरपायला गेल्या होत्या, एवढंच आमचं नशीब.

सुटलेला जोड मी हातात घेऊन बघितला. वरून लाइन तशीच सुंदर. खाली अँगलची कड मात्र ब्लेडनं कापली होती तशीच्या तशी, सरळ. लोखंड वितळलंच नव्हतं. माझी लाइन नुसती वर चिकटून बसली होती, भाकरीवर पापुद्रा सुटावा तशी ती सुटून आली. पैसे परत केले, माफी मागितली. पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, खालून वर जमल्याशिवाय वजनाचं काम घ्यायचं नाही.

आता असं का होतं ते समजून घेऊ. रॉडवर जे कवच असतं ते जळून त्याची खपली तयार होते. तिला कारखान्यात स्लॅग म्हणतात. वितळलेली ही खपलीही पातळच असते. आपण वरून खाली आलो की रस आणि खपली दोन्ही आपल्या पुढं पळतात. मग रॉडची ठिणगी मूळ लोखंडावर न पडता त्या खपलीवर आणि रसावर पडते. मूळ लोखंड तापत नाही, वितळत नाही. वरून झाकलं जातं आणि आत पोकळ राहतं.

खालून वर जाताना उलट होतं. ठिणगी कायम कोऱ्या लोखंडावर पडते, खपली आपोआप मागं, खाली उतरते. आणि खाली जो रस थिजला, तोच वरच्या रसाला बूड देतो. जुन्या मातीच्या भिंती कशा घालायचे आठवा. पहिला थर वाळून धरायचा, मग त्याच्यावर दुसरा. ओल्यावर ओला थर चढवला की भिंत बसलीच. उभा वेल्ड म्हणजे तीच भिंत आहे. फक्त थर दोन मिलिमीटरचा आणि वाळायचा वेळ एका सेकंदाचा.

ताईंचे गोळे का होतात, ते इथंच कळतं. त्या खालचा थर थिजू देत नाहीत. एक तर करंट जास्त आहे, नाही तर हात मधोमध रेंगाळतो आहे, नाही तर रॉड लांब धरला आहे. बहुतेक वेळा तिन्ही असतं.

आधी रॉड. आपल्याकडं दुकानात सहसा ६०१३ नंबरचा रॉड मिळतो. या आकड्यातला तिसरा आकडा बघायचा. तो १ असला तर रॉड उभ्या, आडव्या, डोक्यावरच्या, सगळ्या कामाला चालतो. २ असला तर सपाट आणि आडव्याच कामाला. सरावाला २.५ मिलिमीटरचा रॉड घ्या. ३.१५ चा नंतर. जाड रॉडचा रस जास्त, आणि जास्त रस सांभाळायला हात तयार लागतो.

रॉड कोरडा पाहिजे. पावसाळ्यात पुडा उघडा टाकला तर कवचात ओल शिरते आणि जोडात छिद्रं पडतात. पापडाचा डबा आपण कसा घट्ट लावतो, तसाच रॉडचा डबा लावायचा. मोठ्या कामाला ७०१८ रॉड सांगितला असेल, तर तो ओलीच्या बाबतीत फारच नाजूक. त्याला भट्टीत तापवूनच वापरावं लागतं. शिकताना त्याच्या मागं लागू नका.

मग करंट. सपाट कामाला जेवढा ठेवता त्याच्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी करायचा. २.५ च्या ६०१३ रॉडला मी सत्तर ॲम्पियरच्या आसपास सुरुवात करते. ३.१५ ला शंभरच्या आसपास. पण प्रत्येक मशीनचा काटा निराळा आणि आपल्याकडची वीज तर त्याहून निराळी. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि सकाळी चाललेला रॉड चिकटायला लागतो. म्हणून रोज काम सुरू करायच्या आधी भंगाराच्या तुकड्यावर एक रॉड जाळून बघायचा. रॉड सारखा चिकटतो तर करंट कमी. रस पाण्यासारखा पळतो आणि कडेला चर पडतो तर करंट जास्त.

तिसरी गोष्ट, लोखंड साफ करा. गंज, रंग, तेल ग्राइंडरनं किंवा तारेच्या ब्रशनं काढा. अर्थचा चिमटा कामाच्याच तुकड्याला, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप असेल तर जोडाच्या जागेचा मुलामा आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. त्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तोंड धुराच्या रेषेत ठेवायचं नाही, वारा बाजूनं येईल असं उभं राहायचं.

आता अंगाची ठेवण. बाया इथंच फसतात. उकिडवं बसून, एक हात हवेत धरून जोड द्यायला जातात. हात दोन मिनिटांत थरथरतो. जातं ओढताना आपण मांडी घालून कसं पक्कं बसायचो? तसंच इथं. कोपर गुडघ्यावर, भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला टेकवा. डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार द्या. होल्डरची केबल खांद्यावरून किंवा मांडीवरून घ्या, म्हणजे तिचं ओझं मनगटावर येत नाही. आणि मशीन सुरू करायच्या आधी, करंट न लावता, पूर्ण जोडाच्या लांबीवर एकदा हात खालून वर नेऊन बघा. वर पोचेपर्यंत हात अडकतो का? रॉड पुरतो का? अडकत असेल तर बसायची जागा बदला.

रॉड कसा धरायचा? जोडाला जवळजवळ काटकोनात, टोक किंचित वर बघेल असा. दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या एकमेकींना लावल्या असतील, तर रॉड दोघींच्या बरोबर मधे, कुणाचीही बाजू न घेता. अंतर किती? रॉडची आतली तार जेवढी जाड, तेवढंच. त्याच्यापेक्षा लांब नाही. कान द्या. अंतर बरोबर असेल तर फोडणीत मोहरी तडतडते तसा एकसारखा आवाज येतो. लांब झालं की आवाज पोकळ येतो, फुसफुसतो आणि ठिणग्या चहूकडं उडतात. रॉड जळून आखूड होत जातो, तेवढा तो सतत आत सारावा लागतो. हे सुरुवातीला ध्यानातच राहत नाही.

आणि आता हाताची चाल. सगळ्यात खाली आधी एक छोटा थर बसवायचा. तोच आपला ओटा. मग त्याच्यावर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, आणि दरवेळी रॉडच्या तारेएवढं वर. डाव्या कडेला थांबायचं. मधून झटकन जायचं. उजव्या कडेला थांबायचं. मी मनात मोजते: एक-दोन, सर. एक-दोन, सर. "एक-दोन" म्हणजे कडेला थांबायचं, "सर" म्हणजे मधून निघून जायचं.

कडेला का थांबायचं? कारण कडेचं लोखंड ठिणगीनं खणलं जातं, तो खड्डा रसानं भरायला वेळ द्यावा लागतो. न थांबता गेलात तर कडेला चर राहतो. त्याला अंडरकट म्हणतात, आणि अँगल पुढं तिथूनच तडकतो. मधे का थांबायचं नाही? कारण मधे दोन्हीकडची उष्णता एकत्र येते. तिथं रेंगाळलात की रस जड होतो आणि पोट सुटल्यासारखा ओघळतो.

डोळे ठिणगीवर ठेवू नका. ठिणगी लखलखते म्हणून नजर तिकडंच जाते. बघायचं ते तिच्याखालच्या रसाकडं. रसाची वरची कड सपाट आहे तोवर ठीक. खालची कड फुगायला लागली, डोळ्यातलं पाणी ओघळायच्या आधी जसं जड होतं तशी दिसली, की समजायचं, फार तापलं. तेव्हा तिथं झुंजत बसायचं नाही. रॉड उचलायचा, थांबायचं, खपली पाडायची, ब्रश मारायचा आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. थांबण्यात कमीपणा नाही. ओघळू देण्यात आहे.

आता सराव कसा करायचा ते सांगते. मी केला तसाच.

भंगारवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीच्या, वीतभर लांबीच्या पट्ट्या आणा. पहिले दोन-तीन दिवस पट्टी टेबलावर आडवी न ठेवता तिरकी ठेवा, उताराच्या पत्र्यासारखी, आणि खालून वर लाइन ओढा. मग दरदिवशी पट्टी जास्त उभी करत जा. सरळ भिंतीसारखी उभी झाली की तिच्यावर एकाशेजारी एक लाइनी भरा, शेतात सऱ्या पाडाव्यात तशा. एक पट्टी भरली की पाण्यात बुडवून गार करा, पुसून कोरडी करा आणि उलट बाजू वापरा. सरावाच्या तुकड्याला पाण्यात घातलेलं चालतं. खऱ्या कामाला कधीही पाणी मारायचं नाही, जोड कडक होऊन तडकू शकतो. तो आपला आपण गार होऊ द्यायचा.

लाइन सरळ यायला लागली की टी जोड घ्या. दोन पट्ट्या दोन्ही टोकांना टॅक मारून पक्क्या करा, उभ्या बांधा आणि एकाच बाजूनं खालून वर जोड द्या. रोज पाच जोड पुरेत. पन्नास जोड एका दिवसात देण्यापेक्षा रोज पाच, दहा दिवस दिले तर हात जास्त शिकतो. प्रत्येक तुकड्यावर खडूनं तारीख आणि करंट लिहा. मी पंधरा दिवसांचे तुकडे ओळीनं मांडून ठेवले होते. पहिल्या दिवसाचा तुकडा बघून आजही हसू येतं, पण त्याच्या शेजारचा पंधराव्या दिवसाचा बघितला की धीर येतो.

दोघींनी मिळून सराव केला तर फार चांगलं. एकीनं जोड द्यायचा, दुसरीनं काच लावून बघायचं आणि बोलायचं, "डावीकडं थांबली नाहीस," "रॉड लांब गेला." स्वतःची चूक काचेमागून स्वतःला दिसत नाही.

आणि परीक्षा? परीक्षा हातोडीनं घ्यायची. एका बाजूनंच जोड दिलेला टी तुकडा गार झाला की शिकंज्यात पक्का धरा आणि ज्या बाजूला वेल्ड आहे त्याच बाजूला उभी पट्टी हातोडीनं पाडा. म्हणजे जोडाचं मूळ उघडतं. पट्टी वाकून आडवी झाली आणि जोड सुटलाच नाही, तर पास. सुटला, तर आतलं बघा. सगळीकडं खरखरीत करडं लोखंड दिसलं, अगदी कोपऱ्यापर्यंत, तर वितळण बरोबर झालं आहे. मधे काळी रेघ दिसली तर खपली आत अडकली. छिद्रं दिसली तर ओल, गंज किंवा लांब धरलेला रॉड. आणि पट्टीची कड जशीच्या तशी सरळ दिसली, तर ती माझ्या स्टँडची चूक. माझे पहिले सहा तुकडे सुटले. सातवा अर्धा धरला. ओळीनं पाच तुकडे वाकले आणि एकही सुटला नाही, तेव्हा मी वहिनींच्या दारात परत गेले.

जिवाची काळजी सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. काच १० किंवा ११ नंबरची, हेल्मेटला किंवा हातातल्या ढालीला. नुसता काळा गॉगल लावून वेल्डिंग करायचं नाही. उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघितली तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. तेव्हा डोळ्यांत दूध, बटाट्याचा रस असलं काही घालू नका, डॉक्टरांकडं जा. पोरंबाळं आणि शेजारी उभे राहून बघत असतील तर आधी त्यांना लांब करा. अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनची साडी ठिणगीनं पेटून अंगाला चिकटते. साडीवर काम करायचंच असेल तर पदर खोचून वरून जाड सुती शर्ट घाला. चामड्याचे हातमोजे, बंद बूट. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र शर्टाच्या आत घ्या. उभ्या जोडाला ठिणग्या सरळ खाली पडतात, तेव्हा पाय आणि मांडी रेषेतून बाजूला ठेवा. कडबा, गोणपाट, प्लास्टिक जवळ नको. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी मशीनला हात लावू नका. कोरड्या फळीवर उभ्या राहा.

कुणी म्हणेल, हे बायकांचं काम नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या गोद्यांमध्ये हजारो बायका जहाजं बांधायला उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी वेल्डर होत्या, आणि जहाजाच्या भिंतीही उभ्याच जोडायच्या असतात. आपल्याकडं आयटीआयत वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे. घरात शिकणारी मुलगी असेल तर जवळच्या आयटीआयत चौकशी करा. लोखंडाला हात कुणाचा आहे ते कळत नाही. करंट, अंतर आणि थांबणं तेवढं कळतं.

वहिनींनी मला पुन्हा काम दिलं का, असं तुम्ही विचाराल. मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी तुकडा मोडून दाखव." मी पिशवीतून पट्ट्या काढल्या, त्यांच्या अंगणातच टी जोड दिला आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपल्या हातानं घाव घातले. पट्टी वाकली, जोड सुटला नाही. मग म्हणाल्या, "कर आता." जुने सगळे जोड मी ग्राइंडरनं काढले, खालून वर नवे दिले, पायांखाली काँक्रीटचे ठोकळे बसवले. टाकी भरली आणि दोन दिवस कुणालाही खाली जाऊ दिलं नाही. आज तो स्टँड उभा आहे. त्या अजूनही त्याच्याच सावलीत भांडी घासतात.

तेव्हा ताई, तुम्हाला आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना या पंधरा दिवसांचं काम देते. रोज पाच उभे जोड, खालून वर. दर दोन दिवसांनी एक तुकडा मोडायचा आणि आत बघायचं. रंग मारल्यावर गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही. आपल्याला ते माहीत असलं पाहिजे. तुमचे मोडलेले तुकडे गटाच्या बैठकीत घेऊन या, एकमेकींना दाखवा. न मोडलेल्यांपेक्षा मोडलेल्यांतून जास्त शिकाल.

येते मी. डोळे सांभाळा. नमस्कार.